आबांनी निवडलेली गाडी

गाडी आबांनीच निवडली होती, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी पुतणी नूतन आणि मुलगा समाधान त्यांना जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरून उचलून धुळ्याला घेऊन गेले होते. "आबा, पप्पांना शेतात जायला-यायला एखादी जुनी चारचाकी बघतोय," नूतन म्हणाली होती, "तुम्ही फक्त कान लावा." एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेल्या आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शर्टाच्या खिशाला लावून फिरणाऱ्या सुकदेव आबांना कोणी कान लावायला बोलावलं, की ते भरल्या ताटावरून उठून जात. तिथल्या देवपुरात निंबा गुरुजींच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक पांढरी झेन उभी होती. वय सत्तावीस. रस्त्यावर चालवायचे कागद संपत आलेले, म्हणून भंगाराच्या भावात जाणार होती. गुरुजी तिला आठवड्यातून एकदा, एकवीरा देवीच्या दर्शनापुरतं बाहेर काढत.

आबांनी बॉनेट उघडलं, दांडीवरचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून डोळे मिटले. पाच मिनिटं ते तसेच उभे होते. गुरुजींना वाटलं यांना चक्कर आली. मग आबा म्हणाले, "काळीज साबूत आहे. घ्या." भाव त्यांनीच पाडला, आणि काटा पन्नासच्या वर जाऊ न देता एरंडोलजवळच्या आपल्या गावापर्यंत गाडी त्यांनीच चालवत आणली. त्या दिवशी ते खुशीत होते.

आज शनिवार होता, उद्या श्रावणातली कानबाई देवी घरात बसणार. सालाबादप्रमाणे आबा आणि त्यांची बायको सुनंदाबाई एसटीने गावी आले, आणि फाटकातून आत शिरताच आबांना दिसली ती आई. पंच्याऐंशी वर्षांच्या कमलबाई ओट्यावर त्याच झेनच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या आणि सुपात देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत होत्या.

"माय, हाई सीट आठे कशी?"

"मऊ शे," कमलबाई म्हणाल्या. "कंबर दुखत नही."

आबांनी पिशवी खाली ठेवली आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली पाहिलं. गाडी तिथेच होती, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. सीट नाहीत, पायाखालचे गालिचे नाहीत, दारांच्या आतली अस्तरं नाहीत. छताचं कापडसुद्धा सोलून काढलेलं. उघड्या पत्र्याच्या आत खालपासून वरपर्यंत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडलेला होता आणि त्या पिंजऱ्यात एकुलती एक सीट, ड्रायव्हरची. दारावर काळ्या रंगात सतरा हा आकडा रंगवला होता. गाडीखालून समाधानचे पाय बाहेर आले होते. नूतन पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत ग्रीस. जळगावला ठिबकच्या कंपनीत संगणकावर नकाशे काढणारी ही पोर आबांना क्षणभर ओळखूच आली नाही.

"हे काय आहे?" आबांनी विचारलं.

नूतन उभी राहिली. तिने हात पुसले, पुसता पुसता धीर गोळा केला. "आबा, पुढच्या रविवारी धुळ्याजवळ माळावर शर्यत आहे. हौशी लोकांची. मातीचा ट्रॅक असतो, एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावून. सगळ्यात कमी वेळात जो येईल तो जिंकला. मी नाव दिलंय."

"म्हणजे ही शेतात जायला नव्हती."

"नव्हती."

"आणि मी हिला कान लावला."

"तुम्ही लावला नसता तर आम्हाला हिच्यासारखी मिळाली नसती, आबा. हलकी आहे, इंजिन निरोगी आहे, आणि..."

ते खरं होतं, म्हणून आबांना जास्तच राग आला. रागावले की ते ओरडत नसत. ते ओट्याच्या पायरीवर बसले, चपला काढून एकमेकींना समांतर लावल्या आणि धाकट्या भावाकडे वळले. प्रेमराज एवढा वेळ बैलांच्या दावणीपाशी विनाकारण उभा होता.

"परेमराज, तुले माहीत व्हतं?"

प्रेमराजने कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. "पोरनी सांगं व्हतं, भाऊ. मी म्हणनू, भाऊ हो म्हणी तरच. गाडीना बाबतमा या घरमा तुनाच शबद."

"मी तर पहिल्या दिवसापासून नको म्हणतेय," स्वयंपाकघराच्या दारातून नूतनची आई कामिनी म्हणाली. "पण या घरात बाईचं ऐकतंय कोण?" एवढं बोलून ती पुरणाची डाळ बघायला आत गेली, पण दारातून फार लांब गेली नाही.

एक मत आपल्या बाजूला पडलं हे पाहून आबांना बरं वाटलं. दुसरं घरचंच होतं, ते पक्कं धरून त्यांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई गाडीपाशी जाऊन आत डोकावत होत्या, आणि काय बघायचंय हे आधीपासून ठाऊक असल्यासारख्या डोकावत होत्या. आबांनी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटला दोन्ही खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे होते आणि ते खांद्याला काचू नयेत म्हणून त्यांना कापसाच्या गाद्या शिवल्या होत्या. गाद्यांचं कापड खाकी होतं. शिलाई बारीक होती, दुहेरी.

"ही माझी पँट आहे," आबा म्हणाले.

"तुम्ही घालत नव्हता," सुनंदाबाई म्हणाल्या.

समाधान गाडीखालून सरकत बाहेर आला तो हसू दाबतच. बापाचा चेहरा पाहून त्याने ते पुरतं गिळलं. तीस वर्षांचा समाधान पिंप्राळ्यात गॅरेज चालवत होता, आणि त्याला आबांनी आजवर कधी ड्रायव्हर म्हटलं नव्हतं. गाडी चालवणारे रस्त्यावर ढिगाने आहेत, डायवर हाताच्या बोटावर मोजावेत एवढेच, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या बोटांत त्यांनी घरातलं कोणीही धरलं नव्हतं.

"पाच वाजेपर्यंत कळवायचंय, आबा," नूतन म्हणाली. "येतोय की नाही ते. नाही कळवलं तर नाव कापतात. आणि हिचे कागद या महिन्याअखेर संपतात. शर्यतीला गेली नाही तर भटू भंगारवाला येऊन उचलून नेईल. दुसरी घ्यायची माझी ऐपत नाही." तिने गाडीच्या छतावर हात ठेवला. "पप्पांनी तुमच्यावर सोडलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. पण खोटं बोलून कान लावून घेतला, ते चुकलं. त्याची माफी मागते."

आबांना भांडण करायचं होतं. माफीशी कसं भांडायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"ही गाडी शर्यतीला जाणार नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत माझ्या हातून माणसाला सोडा, कोंबडीला धक्का लागला नाही. मी पोरांना शिकवलं की वेग म्हणजे घमेंड. आणि आता माझ्या घरातून माझ्याच कानाने निवडलेली गाडी उधळायला निघणार? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मी मला काय म्हणू?"

  आपण मत दिलं तेव्हा ते जिंकेल असं कामिनीला वाटलं नव्हतं बहुतेक, कारण ती दारात येऊन लेकीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

सुपातले गहू एकदा पाखडून कमलबाईंनी खडा बाजूला टाकला. "सुकदेव," त्या म्हणाल्या, "आठे ओटावर बठीसन नही म्हणाले काय लागस? गाडीमा बठ. मंग जे म्हणनं ते म्हण."

"माय, तठे एकच सीट शे."

"गोठामा दुसरी शे. मी देखी."

समाधान तोवर गोठ्याकडे पळालासुद्धा होता.

चार नट आवळायला त्याला दहा मिनिटं लागली. आबा शेजारी उभे राहून बघत होते. बघायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर त्या पिंजऱ्याच्या जोडांवर गेली. वेल्डिंग सरळ, सलग, कुठे फुगवटा नाही, कुठे भोक नाही. त्यांनी एका जोडावरून अंगठा फिरवला. एवढं चांगलं काम त्यांनी डेपोच्या वर्कशॉपमध्येही थोड्याच हातांचं पाहिलं होतं. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. "मीच," समाधान म्हणाला, आणि पान्याकडे बघत राहिला. आबांना नवल वाटलं, आणि आपल्याला नवल वाटावं याची थोडी लाजही वाटली.

समाधानचं हेल्मेट डोक्यात घालून, पट्ट्यांनी बांधून घेऊन आबा बसले तेव्हा प्रेमराजला मोबाइलवर फोटो काढावासा वाटला. भावाच्या डोळ्यांत पाहून त्याने फोन खिशात ठेवला.

घरामागे घरचीच बरड होती. चार एकर मुरमाड जमीन, आजोबांच्या काळापासून तिने कुसळांपलीकडे काही दिलं नव्हतं. आठवडाभर पावसाने उघडीप दिली होती, म्हणून ती वरून कोरडी आणि आत किंचित ओलसर होती. तिथे नूतनने ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी ठेवून वळणं आखली होती. ती भेंडोळी आणि त्यांच्याभोवती उमटलेल्या चाकांच्या खुणा पाहून आबांना कळलं, की ही पोर इथे एकदा-दोनदा आलेली नाही. दर सुट्टीला येत असणार. आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक असणार.

"घट्ट बसा," नूतन म्हणाली.

पहिलं वळण आलं तेव्हा आबांचा उजवा पाय ब्रेकवर गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता, आणि तो पाय पत्र्यावर दाबत राहिला. काटा कुठे आहे ते त्यांनी पाहिलंच नाही, पाहायला डोळे मोकळे नव्हते. नळ्यांचं भेंडोळं समोरून धावत आलं. आता ही ब्रेक मारील असं त्यांना वाटलं त्या जागी तिने ब्रेक मारला नाही. तिने स्टिअरिंगला थोडासा हिसका दिला, हँडब्रेक क्षणभर ओढून सोडला, आणि गाडीचं बूड बाहेरच्या बाजूला घसरत निघालं. आख्खी गाडी आडवी झाली. समोरच्या काचेतून आता बाभळी दिसत होत्या, आणि ज्या दिशेने गाडी जात होती ती दिशा नूतनच्या बाजूच्या खिडकीत होती. नूतन तिकडेच बघत होती. शांतपणे. आणि तिचे हात घसरणीच्या बाजूला स्टिअरिंग फिरवत होते, भाकरी थापताना कामिनीचे हात जसे सैल असतात तसे सैल.

आबा ते हात बघतच राहिले.

कारण ते हात त्यांचे होते. एकोणीस वर्षांपूर्वी कन्नडच्या घाटात एका वळणावर कुठल्याशा वाहनातून ऑइल सांडलेलं होतं. बस त्यावर आली आणि घसरली. आत बेचाळीस माणसं, डावीकडे दरी. आबांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि जिकडे बस घसरत होती तिकडेच स्टिअरिंग फिरवलं. कठड्यापासून दोन हातांवर बस सरळ झाली. त्याचं साहेबांनी कौतुक केलं होतं, आणि दर कानबाईला रोट जेवताना ती गोष्ट व्हायची. तिचा शेवट ठरलेला असायचा. मी भ्यालो होतो, कानबाईनं हात दिला.

दुसरं वळण, तिसरं. मुरूम पत्र्यावर तडतडत होता. आतला प्रत्येक आवाज अस्तर नसलेल्या डब्यात दुपटीने वाजत होता, आणि त्या सगळ्या गोंगाटात आबांना इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं. गुरुजींच्या अंगणात डोळे मिटून ऐकलेलं तेच इंजिन. तेव्हा ते कुरकुर न करता चालत होतं. आता ते गात होतं. सत्तावीस वर्षं देवदर्शनापुरती बाहेर पडलेल्या या गाडीत हे होतं, आणि आपण कान लावूनही आपल्याला ते कळलं नाही, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की पत्र्यावर दाबलेला पाय कधी सैल पडला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गाडी थांबली. मागची धूळ पुढे आली आणि दोघांवर बसली. नूतनने इंजिन बंद केलं. ती आबांकडे बघत नव्हती. पट्ट्याच्या खाकी गादीशी चाळा करत ती वाट बघत होती.

"हे कुठे शिकलीस?" आबांनी विचारलं.

"तुमच्याकडून."

"मी कधी शिकवलं?"

"दर कानबाईला. घसरत्या गाडीला ब्रेक मारायचा नाही, जिकडे बूड जातं तिकडे स्टिअरिंग फिरवायचं. मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय, आबा. ताट घेऊन स्टिअरिंगसारखं फिरवायचे मी. आई मारायची." ती जराशी थांबली. "नंतर ट्रॅक्टरवर करून पाहिलं. चिखलात. पप्पांना अजून माहीत नाही."

आबा हेल्मेट काढायला गेले आणि काढलं नाही.  एकोणीस वर्षं त्यांनी एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, सुनंदाबाईंनाही नाही.

"मी भ्यालो नव्हतो," ते म्हणाले.

"काय?"

"घाटात. लोकांना सांगतो की भ्यालो होतो. नंतर भ्यालो, बस थांबल्यावर. पण ती घसरत होती तेव्हा नाही." ते समोर बाभळींकडे बघत बोलत होते. "तेव्हा मला आनंद झाला होता, बेटा. मागे बेचाळीस माणसं कानबाईचा, विठोबाचा धावा करत होती, आणि मला वाटत होतं, ही अशीच घसरत राहावी. मग मला माझीच एवढी भीती वाटली की मी उरलेली बारा वर्षं साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. तो बिल्ला लावून फिरतो ना, तो मी स्वतःला बजावायला लावतो."

नूतनने त्यांच्याकडे मान वळवली. तिचे डोळे भरले होते, पण ते धुळीनेही भरले असतील.

"मागे माणसं होती, म्हणून ते पाप वाटायचं," आबा म्हणाले. "तुझ्या मागे तर सीटच नाही." आणि थोड्या वेळाने, हेल्मेटच्या आतून, "अजून एकदा घे."

एकदा म्हणाले आणि आणखी तीन फेऱ्या झाल्या. बांधावर उभ्या असलेल्या प्रेमराजने चौथी फेरी बघून कमरेवर हात ठेवले आणि समाधानला विचारलं, "भाऊ उतरस का नही?" समाधान म्हणाला, "काका, ते ओरडतायत का हसतायत?" धुळीत नीट दिसत नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांनी हातपाय धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि ओट्यावर आईसमोर येऊन बसले, कारण रोटाचे गहू मोजायची वेळ झाली होती. या घरात पद्धत अशी, की कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, तेवढेच दळायचे, आणि त्याचं जेवण घरच्यांनीच जेवायचं. बायकांची मूठ नसते. लेकीबाळींची तर नसतेच. त्या उद्या दुसऱ्याच्या घरच्या कानबाईला जायच्या. वडील गेल्यापासून मुठी आबा भरत.

सगळे जमले. नूतन ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती, हातात फोन. पाचला दहा मिनिटं होती. आबांकडून तिने ना हो ऐकलं होतं ना नाही, आणि विचारायची तिची हिंमत नव्हती.

आबांनी टोपलीत हात घातला. "सुकदेव," म्हणून भरली मूठ सुपात सोडली, वर पाव मूठ. "परेमराज." भरली मूठ, वर पाव. "समाधान." यावेळी मूठ जरा जास्तच भरली होती आणि बापाने ती लेकाकडे बघत सोडली. समाधानने मान खाली घातली.

झालं म्हणून सुनंदाबाईंनी सूप उचलायला हात पुढे केला. आबांनी तो हाताने थांबवला आणि टोपलीत चौथ्यांदा हात घातला.

"भाऊ," प्रेमराज म्हणाला, "हाई मूठ कोनी?"

"डायवरनी," आबा म्हणाले.

 मग सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पोरीची मूठ घेत नाहीत. उद्या लग्न होऊन जाईल ती."

"जाईल तेव्हा जाईल. आज ती या घरची आहे."

सगळ्यांनी कमलबाईंकडे पाहिलं, कारण कानबाईच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. कमलबाई मऊ सीटवरून थोड्या पुढे सरकल्या आणि त्यांनी सूप दोन्ही हातांनी उचलून लेकाच्या मुठीखाली धरलं. दारात उभ्या कामिनीने पदर तोंडाला लावला. नूतन येतोय म्हणून कळवायला फोन कानाला लावायला गेली आणि तो तिच्या हातातच राहिला.

आबांनी मूठ सोडली. ती शिगोशीग भरली होती, चारदोन दाणे सुपाबाहेर पडले. कमलबाईंनी ते एक एक करून टिपले आणि सुपात टाकले. "वरनी पाव ऱ्हायनी," त्या म्हणाल्या, आणि आबांनी पुन्हा टोपलीत हात घातला.